बहात्तर साल आणि साडेतीन हजारांची सुई

दवाखान्यात केसपेपर काढताना वय विचारलं की माझी मावशी आकडा सांगत नाही. "दुष्काळातला जन्म माझा, तुम्हीच लिहा हिशोब करून," म्हणते. मराठवाड्यात एवढं पुरतं. दुष्काळ म्हणजे बहात्तरचा, हे केसपेपर लिहिणाऱ्या विशीतल्या पोरालाही कळतं. २०२५ च्या उन्हाळ्यात परभणीच्या डॉक्टरांनी तिला आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. वजन एक्क्याण्णव किलो, शुगर बारा वर्षांची, दोन्ही गुडघे उठता-बसता बोलणारे. मेडिकलमधल्या पोराने फ्रीज उघडून एक इवलीशी बाटली काउंटरवर ठेवली. किंमत साडेतीन हजार, आणि तीही एका आठवड्याची. मावशीने पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात जपून गुंडाळलेलं महात्मा फुले योजनेचं कार्ड काढलं. "यात बसतंय का हे?" पोरगा हळूच म्हणाला, "मावशी, ते कार्ड ॲडमिट झाल्यावर चालतं. औषधाला नाही चालत."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कार्ड आहे, आजार आहे, डॉक्टरांची चिठ्ठी आहे, तरी पैसे खिशातूनच का? उत्तर शोधत मागे गेले तर पुन्हा बहात्तर सालीच येऊन पोचले. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. मराठवाड्यात दुष्काळ पडला. २० एप्रिलला १९७० चा पेटंट कायदा प्रत्यक्ष लागू झाला. आणि संसदेने सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला. मावशीचं वजन, त्या बाटलीची किंमत आणि त्या कार्डाची मर्यादा या तिन्हींचे धागे तिथवर जातात.

दुष्काळापासून सुरू करते, कारण ज्या भागात माणसं भाकरीला महाग झाली तिथं वजन उतरवायचं औषध कशाला, असं अजूनही लोक विचारतात. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं राबत होती. आजी खडी फोडायला जायची तेव्हा मावशी पोटात होती. कामावर सुकडी नावाचा पौष्टिक खाऊ मिळायचा आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, तिला मिलो म्हणायचे. त्या मिलोच्या भाकरीची चव सांगताना आजी तोंड वाकडं करायची, पण त्याच भाकरीवर दिवस निघाले हेही सांगायची.

पोटात असताना उपाशी राहिलेल्या बाळाचं पुढे काय होतं, याचा फार मोलाचा अभ्यास पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केला. १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या गावांमधल्या गरोदर बायांची आणि त्यांच्या मुलांची नोंद त्यांनी ठेवली. त्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. आपलं बाळ दिसायला रोड, पण अंगावर मांस कमी आणि चरबी मात्र राखलेली. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरं आतून किती वेगळी असतात, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं.

पुण्याचा अभ्यास मराठवाड्याला जसाच्या तसा चिकटवता येणार नाही, हे मान्य. पण तंगीत घडलेलं शरीर पुढे रेशनचा गहू-तांदूळ, बसकं काम आणि गोड चहा यांच्यात वाढलं की पोट सुटतं आणि शुगर लागते, हे चित्र आपल्या प्रत्येक घरात आहे. म्हणूनच २००९ मध्ये भारतीय डॉक्टरांनी एकमताने आपल्या लोकांसाठी मोजमाप खाली आणलं. पाश्चात्त्यांमध्ये बीएमआय ३० ला लठ्ठपणा धरतात, आपल्याकडे २५ ला. २०२३ मध्ये आलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि जवळपास ४० टक्के प्रौढांना पोटाचा लठ्ठपणा. याला खादाडपणा म्हणणाऱ्यांनी एकदा आजीच्या मिलोच्या भाकरीची गोष्ट ऐकावी, एवढंच मला मनापासून वाटतं.

आता विम्याकडे येऊ. राष्ट्रीयीकरण झालेल्या चार सरकारी कंपन्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम आणला. तो बेतलेलाच दवाखान्याच्या खाटेभोवती: चोवीस तास भरती असाल तर खर्च मिळेल, भरतीच्या आधीची आणि नंतरची काही दिवसांची औषधं मिळतील. घरी बसून रोज खायच्या गोळीचा त्यात विचारच नव्हता. पुढे खाजगी कंपन्या आल्या, हप्ते वाढले, पण साचा तोच राहिला. काही महागड्या पॉलिसींत ओपीडीचा, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचारांचा, खर्च जोडून मिळतो, तोही ठरावीक रकमेपर्यंत.

सरकारी योजनांनीही तोच साचा उचलला. १९९७ ची जीवनदायी योजना मोठ्या शस्त्रक्रियांसाठी होती. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं नांदेड होतं. वर्षाला दीड लाखाचं कवच आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डाची अट. पुढे शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या चौदा जिल्ह्यांमधल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही त्यात घेतलं आणि त्या चौदांत मराठवाड्याचे आठही जिल्हे आले. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. मग रक्कम पाच लाखांवर गेली आणि राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना दार उघडलं. या योजनेने आमच्या भागात किती हृदयं, किती मूत्रपिंडं वाचवली हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे तिच्याबद्दल वावगा शब्द निघणार नाही. पण ती दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारांची योजना आहे. तिथं उपचारांची यादी असते, महिन्याच्या औषधाची चिठ्ठी नसते.

खाजगी विम्यात तर वजनाचं नाव घेऊन कलम आहे. विमा नियामकाने २०१९ मध्ये वगळायच्या गोष्टींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात लठ्ठपणावरचे उपचार वगळले आणि एक फट ठेवली. बीएमआय ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ किंवा जास्त असून सोबत हृदयविकार किंवा आटोक्यात न येणारी शुगर असे गंभीर आजार असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली शस्त्रक्रिया विम्यात बसते. म्हणजे बीएमआय चाळीसवर गेलेल्या माणसाच्या पोटावरची शस्त्रक्रिया बसते, तिथवर जाऊ नये म्हणून घ्यायचं औषध बसत नाही. मला हा विचार उलटा वाटतो. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यात २१ हजारांपर्यंत पगारावर असलेल्या कामगाराला निदान ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, ओपीडी आणि तिथलं औषध आहे. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला तेही नाही. त्यामुळे 'विमा नाही' ही आमच्याकडे कुणा एकाची अडचण नाही. औषधापुरते आम्ही सगळेच बिनविम्याचे.

राहिली किंमत. इंग्रजांच्या १९११ च्या कायद्यात औषधालाच पेटंट मिळायचं. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाने ते बदलायला सांगितलं आणि १९७० च्या कायद्याने औषधावरचं पेटंट काढून फक्त ते बनवण्याच्या रीतीला पेटंट ठेवलं. त्याच जोरावर आपल्या कंपन्यांनी परदेशी औषधं वेगळ्या रीतीने बनवली आणि स्वस्त विकली. गावोगावच्या मेडिकलमध्ये दोन-चार रुपयांत शुगरची गोळी मिळते, तिचं मूळ इथं आहे. मग जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी २००५ मध्ये औषधावरचं पेटंट परत आलं, वीस वर्षांचं. त्या कुलपाच्या काही किल्ल्या मात्र आपण राखल्या. कर्करोगाच्या नेक्साव्हार या औषधासाठी २०१२ मध्ये नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याच्या मर्जीशिवाय औषध बनवायची मुभा, दिला गेला, तेव्हा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८८० वर आला. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेक या कर्करोगाच्याच औषधाचं पेटंट नाकारलं. सक्तीचा परवाना त्यानंतर कुणालाच मिळालेला नाही.

वजनाच्या औषधांना याआधी चांगलं नाव नव्हतं, तेही खरंच. रिमोनाबँटवर २००९ मध्ये आणि सिब्युट्रामिनवर २०११ मध्ये भारतात बंदी आली, एकाने मनावर परिणाम व्हायचा आणि दुसऱ्याने हृदयावर. नव्या औषधांची वाट वेगळी. १९९२ मध्ये अमेरिकेत जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत आपल्या आतड्यातल्या, शुगर आवरणाऱ्या जीएलपी-१ संप्रेरकासारखं द्रव्य सापडलं. त्यातून २००५ मध्ये शुगरचं औषध आलं. नोव्हो नॉर्डिस्क या डॅनिश कंपनीचं सेमाग्लुटाइड २०१७ मध्ये शुगरसाठी आणि २०२१ मध्ये वजनासाठी अमेरिकेत मंजूर झालं. चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोनतृतीयांश परत चढलं. खर्चाच्या हिशोबात हे वाक्य सगळ्यात जड आहे. एकदा कर्ज काढून भागणारं हे प्रकरण नाही.

भारतात याच वाटेवरचं, एली लिली कंपनीचं टिर्झेपेटाइड, म्हणजे मौंजारो, मार्च २०२५ मध्ये आलं. आठवड्याची २.५ मिलिग्रॅमची बाटली तेव्हा ३,५०० ला होती आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ ला. जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड, वेगोव्ही, आलं, सुरुवातीचे डोस महिना १७,३४५ रुपयांचे. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायची, तसं त्या वर्षी हमीच्या कामावर कुणी राबलं असतं तरी एका आठवड्याच्या बाटलीला अकरा दिवसांची मजुरी पुरली नसती. लातूरच्या भाषेत सांगायचं तर त्या वर्षीचा क्विंटलला ५,३२८ रुपयांचा हमीभाव खरंच हातात पडला तरी महिन्याच्या चार बाटल्यांना अडीच क्विंटलहून जास्त सोयाबीन लागायचं.

या औषधांची कमाल किंमत सरकारने बांधलेली नाही. २०१३ च्या औषध किंमत आदेशाप्रमाणे कमाल किंमत बांधली जाते ती अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांची. २०२२ च्या यादीत मेटफॉर्मिन आहे, इन्सुलिन आहे, ही नवी इंजेक्शनं नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड आपल्या यादीत घेतली, शुगरसोबत लठ्ठपणा आणि हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांसाठी. आपली यादी पुढच्या वेळी बदलेल तेव्हा हा मुद्दा कुणीतरी लावून धरायला हवा.

तोवर लोक आपापल्या परीने भागवतात. कुणी आठवड्याची सुई पंधरा दिवसांवर नेतो. कुणी व्हॉट्सॲपवरून बिलाशिवाय मागवतो. मला दोन्हींची काळजी वाटते. ही औषधं न उघडता २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर आणि वीज कधी जाईल नेम नाही. मावशीने परभणीहून गावी नेताना बाटली थर्मासमध्ये बर्फाच्या पिशवीशेजारी ठेवली होती, रुमालात गुंडाळून, बर्फ थेट लागू नये म्हणून. एसटीत थर्मास मांडीवर धरून बसली होती. असं किती जणांना जमणार?

किमती खाली येतात कशा, हे मावशीच्याच शुगरच्या गोळ्यांच्या पट्ट्यांवरून दिसतं. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपलं आणि त्याच वर्षी जनऔषधी केंद्रात दहा गोळ्या साठ रुपयांना आल्या. एम्पाग्लिफ्लोझिनची एक गोळी साठ रुपयांच्या आसपास होती. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपताच काही देशी कंपन्यांनी ती दहाच्या आत आणली. मावशीला तेव्हा वाटलं होतं की मेडिकलवाल्याने चुकून कमी पैसे घेतले. ती परत विचारायला गेली होती.

सेमाग्लुटाइडची चाहूलही तशीच लागली. पेटंटचा अर्ज २००६ चा, म्हणजे वीस वर्षं मार्च २०२६ मध्ये भरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि देशी कंपन्या आधीपासून तयारीला लागल्या होत्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगोव्हीचा सुरुवातीचा डोस महिना १०,८५० वर उतरला. डिसेंबरमध्ये शुगरसाठीचं सेमाग्लुटाइड, ओझेंपिक, आलं, सुरुवातीच्या डोसला ८,८०० रुपये महिना. टिर्झेपेटाइडच्या पेटंटला मात्र अजून बरीच वर्षं आहेत.

मावशीचं औषध टिर्झेपेटाइडचंच होतं. सहा बाटल्या झाल्या, वजन चार किलो उतरलं, मग सोयाबीनच्या पेरणीला पैसे लागले आणि सातवी बाटली आलीच नाही. दिवाळीपर्यंत तीन किलो परत आले. सेमाग्लुटाइडचं पेटंट संपल्यावर, २०२६ च्या एप्रिलमध्ये, आम्ही पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासायला लावलं, मूत्रपिंडाचे रिपोर्ट पाहिले, आधी उलट्या किती व्हायच्या ते विचारलं, मग नव्या कागदावर कंपनीचं नाव न घालता मोठ्या अक्षरांत लिहिलं: सेमाग्लुटाइड. मावशीने तो कागद घडी घालून कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवला आणि मेडिकलच्या पायरीवर चढता चढता मला म्हणाली, "तीन दुकानं फिरू. भाव विचारायला पैसे पडत नाहीत."