समुद्रबर्फातले जिवाणू आणि वितळवण्याचा वाद

ध्रुवीय समुद्रावर दर हिवाळ्यात धरणाऱ्या बर्फात जिवाणू असतात आणि त्यांतले काही उणे २० अंश सेल्सिअसलाही श्वसन करीत असतात, याबद्दल आता फारशी शंका घेतली जात नाही. इतपत खात्री यायला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. या विलंबाचे खापर सहसा ध्रुवीय प्रदेशांच्या दुर्गमतेवर फोडले जाते. ते अंशतः खरे असले, तरी मागचा इतिहास पाहिला की दोषाचा बराच भाग प्रयोगशाळेतल्या सवयींकडे जातो, आणि विशेषतः एका प्रश्नाकडे: छिद्रक यंत्राने कापून काढलेला बर्फाचा दंडगोल वितळवायचा कसा?

समुद्राचे पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठू लागते, पण बर्फाच्या स्फटिकात मिठाला जागा नसते. वडाळा-भांडुपच्या मिठागरांत ऊन पाणी उडवून नेते आणि मागे दाट खारट पाणी उरते. ध्रुवावर तेच काम गारठा करतो, फक्त ते खारट पाणी स्फटिकांच्या मधल्या सूक्ष्म पोकळ्यांत आणि नळ्यांत अडकून राहते. उणे १० अंशांना त्याची क्षारता समुद्राच्या साधारण चौपट होते. जिवाणूंचे घर हेच. तेव्हा तिथे टिकणाऱ्या जीवाला थंडी आणि मीठ या दोहोंशी एकाच वेळी जुळवून घ्यावे लागते, आणि ऋतू पालटला की दोन्ही बाजूंनी उलट दिशेने होणारा बदलही सोसावा लागतो.

बर्फात जीवसृष्टी असल्याच्या नोंदी जुन्या आहेत. १८४०च्या दशकात दक्षिण महासागरातून परतलेल्या एका ब्रिटिश मोहिमेवरील वनस्पतिशास्त्रज्ञाने बर्फाला आलेला तपकिरी रंग डायाटमांचा, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शैवालांचा, असल्याचे सांगितले. त्याच सुमारास उत्तर ध्रुवीय बर्फातील डायाटमांची वर्णने जर्मनीत प्रसिद्ध झाली. डायाटम रंगामुळे नजरेत भरतात. जिवाणूंना रंगाची ती सोय नसल्यामुळे पुढची शंभरेक वर्षे समुद्रबर्फाचे जीवशास्त्र म्हणजे मुख्यतः शैवालांचे शास्त्र राहिले.

थंडीत वाढणाऱ्या जिवाणूंचा शोधही ध्रुवावर लागलेला नाही, तो मासळीवर लागला. बर्फ मासळीचे कुजणे लांबवतो, थांबवत नाही, हे ससून डॉकवर पाट्यांत बर्फ भरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. विज्ञानात त्याची नोंद १८८७ साली झाली, थंडीत साठवलेल्या मासळीवरचे जिवाणू शून्य अंशाला वाढताना दिसले तेव्हा. 'शीतप्रेमी' या अर्थाची संज्ञा १९०२ मध्ये आली, आणि कोणाला शीतप्रेमी म्हणावे याची आजही वापरात असलेली व्याख्या १९७५ मध्ये: १५ अंश किंवा त्याखाली सर्वोत्तम वाढ, शून्य किंवा त्याखालीही वाढ, आणि २० अंशांच्या आसपास वाढीची वरची मर्यादा. ही मर्यादा मुंबईतल्या कोणत्याही खोलीच्या तापमानापेक्षा खालची आहे, हे लक्षात घेतले की जुन्या मोजणीतला घोटाळा कळतो. अगर, म्हणजे जिवाणू वाढवण्यासाठी वापरला जाणारा जेलीसारखा पदार्थ, वितळवून सुमारे ४५ अंशांना नमुन्यात मिसळून थाळीत ओतण्याची पद्धत आपल्याकडे सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच शिकवतात. समुद्रबर्फातला खरा शीतप्रेमी जिवाणू त्या अगराचा स्पर्श होताच मरण्याची शक्यता मोठी, आणि थाळी रिकामी राहिली की नमुन्यात काही नव्हते असा निष्कर्ष निघणार.

थाळीवर अवलंबून न राहता प्रदीप्त रंजक (विशिष्ट प्रकाशात चमकणारा रंग) लावून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी थेट मोजण्याची पद्धत १९७७ नंतर सागरी नमुन्यांसाठी रूढ झाली आणि चित्र झपाट्याने पालटले. अलास्काच्या उत्तरेकडील ब्यूफोर्ट समुद्रातून आणि १९८० च्या हंगामात अंटार्क्टिकातील मॅक्मर्डो साउंडमधून आलेल्या मोजण्यांनी बर्फात जिवाणूंची भरघोस वस्ती असल्याचे दाखवले, विशेषतः बर्फाच्या तळाशी शैवालांच्या सान्निध्यात. मोजणीसाठी बर्फ वितळवणे मात्र भागच होते, आणि खरा वाद तेथून सुरू झाला.

बर्फाचा तुकडा तसाच वितळू दिला, तर स्फटिकांचे गोडे पाणी नळ्यांतल्या खारट पाण्यात मिसळते आणि एकूण क्षारता समुद्राच्या क्षारतेच्या एखाद्या लहान हिश्श्यावर येते. काही तासांपूर्वी चौपट मिठात असलेली पेशी जवळजवळ गोड्या पाण्यात पडते, पाणी आत शोषते आणि फुगते. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामाने दाखवले की अशा वितळवण्यात नाजूक आवरणाचे एकपेशीय जीव मोठ्या प्रमाणात फुटून नाहीसे होतात. म्हणून बर्फ गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात टाकून, अंधारात, सावकाश वितळवावा. ही शिफारस पुढे जवळजवळ नियम बनली. जिवाणूंना भक्कम पेशीभित्ती असल्यामुळे त्यांचे नुकसान कमी होत असणार, असे गृहीत धरून अनेकांनी जिवाणूंसाठी थेट वितळवणेच चालू ठेवले. पेशी फुटली नाही म्हणजे ती जशी होती तशी राहिली, असे त्यात मानले गेले. प्रत्यक्षात मीठ घटताच जिवाणू आत साठवलेली संरक्षक द्रव्ये बाहेर सोडतात, त्यामुळे संख्या बरोबर आली तरी ते बर्फात काय करीत होते, याचे उत्तर बिघडते.

समुद्राचे पाणी मिसळण्यावरही आक्षेप होते, आणि ते पोकळ नव्हते. त्या पाण्यासोबत बाहेरची पोषणद्रव्ये आणि सेंद्रिय पदार्थ येतात, नमुना विरळ होतो, वितळायला अनेक तास लागतात आणि तेवढ्या वेळात भक्षक एकपेशीय जीव जिवाणूंचा फडशा पाडू शकतात. २०१४ मध्ये बाल्टिक समुद्राच्या बर्फावरील तुलनेत तर झटपट थेट वितळवण्याचेच निकाल अधिक अचूक ठरले. बाल्टिकचे पाणी मुळातच निमखारे असल्यामुळे तो निष्कर्ष ध्रुवीय बर्फाला जसाच्या तसा लावणे मात्र धाडसाचे आहे.

या वादातून बाहेर पडण्याची सर्वांत प्रामाणिक वाट, प्रस्तुत लेखकाच्या मते, २००४ मध्ये दिसली. अलास्कातून हिवाळ्यात काढलेल्या बर्फाचे नमुने त्या त्या थराच्या मूळ तापमानाला, म्हणजे उणे २ ते उणे २० अंशांना, आणि नळ्यांतल्या मूळ क्षारतेला, म्हणजे दर हजारी ३८ ते २०९ इतक्या मिठात वितळवण्यात आले. शिवाय बर्फाचे पातळ काप न वितळवता थंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आले. दोन्ही प्रकारांत निम्म्याहून अधिक पेशी गाळाच्या कणांना, सेंद्रिय कचऱ्याला किंवा स्फटिकांच्या कडांना चिकटलेल्या आढळल्या. श्वसन करणाऱ्या पेशी एकूण संख्येच्या ०.५ ते ४ टक्केच होत्या, पण त्या सर्वांत थंड थरातही होत्या. पद्धत किचकट असल्यामुळे ती सार्वत्रिक झाली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

त्याच काळात अलास्कातील पॉइंट बॅरोच्या बर्फातून वेगळा केलेला एक जिवाणू उणे १२ अंशांना वाढताना दाखवता आला. तिथे त्याची संख्या दुप्पट व्हायला सुमारे २४० तास लागतात. पुढे त्याचे नामकरण सायक्रोमोनास इंग्राहामी असे झाले. बर्फातले जिवाणू आणि शैवाले बाहेर सोडत असलेले चिकट बहुशर्करायुक्त द्रव्य पेशींना मिठापासून आणि स्फटिकांच्या टोकांपासून वाचवते आणि नळ्यांचा आकारही बदलते, हेही पुढच्या कामांतून स्पष्ट झाले. २०१६ मध्ये अंटार्क्टिकातील समुद्रबर्फात पाऱ्याचे विषारी रूप तयार करण्याची क्षमता असलेल्या जिवाणूंचे जनुकीय पुरावे मिळाले, तेव्हा हा विषय अन्नसाखळीपर्यंत आणि पर्यायाने मासळीपर्यंत पुन्हा येऊन पोहोचला.

दरम्यान बर्फच बदलू लागला. सप्टेंबर २०१२ मध्ये आर्क्टिकचे बर्फक्षेत्र सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत आकुंचले, आणि अनेक वर्षे टिकणाऱ्या जाड बर्फाची जागा एकाच हिवाळ्याचा, अधिक खारट बर्फ घेत आहे. अधिक मीठ म्हणजे त्याच तापमानाला अधिक नळ्या. १९८० च्या आकड्यांशी आजच्या आकड्यांची तुलना करताना म्हणूनच बर्फ कोणता होता आणि तो कसा वितळवला, ही दोन्ही माहिती लागते. जुन्या लेखांत दुसरी नेहमी दिलेली नसते.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. मैत्री हे केंद्र मात्र समुद्रकिनाऱ्यापासून बरेच आत असल्यामुळे तिथल्या सूक्ष्मजीवांचे भारतीय काम साहजिकच सरोवरे आणि मातीवर अधिक झाले. किनाऱ्यावरचे भारती केंद्र २०१२ मध्ये सुरू झाले. उत्तरेकडे नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील कोंग्सफ्योर्ड या फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत शिरलेल्या अरुंद खाडीच्या, काठी २००८ मध्ये हिमाद्री हे केंद्र उघडले, तोवर त्या फ्योर्डमध्ये अटलांटिकचे उबदार पाणी शिरून २००६ पासूनच हिवाळी बर्फ रोडावू लागला होता.