जपानी देवळांतलं दगडकाम आलं कुठून?

जपानची जुनी बौद्ध देवळं म्हणजे सगळा लाकडाचा कारभार, मूर्तीसुद्धा बहुतेक लाकडाच्या नाहीतर ब्राँझच्या. दगडात काही घडतच नव्हतं असं नाही, क्यूशू बेटावर उसुकीला ज्वालामुखीच्या राखेच्या मऊ दगडात बाराव्या शतकाच्या आसपास कोरलेले बुद्ध आहेत आणि ते अप्रतिम आहेत, पण कठीण ग्रॅनाइटमधलं बारीक काम खरं बहरलं ते एका आगीनंतर.

११८१ च्या जानेवारीत तायरा घराण्याच्या सैन्याने नारा शहर जाळलं, त्यात तोदाइजी देऊळ गेलं आणि तिथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचं डोकंही गळून पडलं. पुन्हा उभारायची जबाबदारी आली चोगेन या साठीतल्या भिक्षूवर, आणि त्याने सरळ चीनमधून माणसं आणली, ओतकाम करणारे आणि निंगबो भागातले पाथरवट. ११९६ मध्ये या पाथरवटांनी दगडी सिंहांची जोडी घडवली, तीही चीनहून मागवलेल्या दगडात! आज ते सिंह तोदाइजीच्या नंदाइमोन दरवाज्याच्या मागच्या बाजूला आहेत आणि पुढच्या उंचच उंच लाकडी द्वारपालांचे फोटो काढून लोक तसेच पुढे निघून जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या पाथरवटांतला इ ग्योमात्सु जपानमध्येच राहिला. त्याच्या मुलाने नाराच्या हान्न्याजी देवळात वडिलांच्या स्मरणार्थ १२६१ मध्ये दगडी स्तंभ उभारला, तो अजून आहे. पुढे एइसोन आणि त्याचा शिष्य निन्शो या भिक्षूंनी याच घराण्याच्या कारागिरांकडून भरपूर कामं करून घेतली. याच काळात गोरिंतो नावाचे पाच भागांचे दगडी स्तूप सगळीकडे पसरले, चौकोन, गोल, त्रिकोण असे एकावर एक आकार म्हणजे आपलीच पंचमहाभूतं, पृथ्वीपासून आकाशापर्यंत, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांवर सिद्धम् लिपीत संस्कृत बीजाक्षरं कोरलेली.

निन्शो पूर्वेला कामाकुराकडे, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजधानीकडे गेला तसे याच परंपरेतल्या ओकुरा शाखेचे पाथरवटही पूर्वेकडे पोचले, आणि म्हणून १३०० च्या आगेमागे तिथून जवळच्या हाकोनेच्या घाटात हे काम दिसतं. ज्वालामुखीचा ओसाड भाग, लोकांना वाटायचं नरक इथेच, मग जाणाऱ्यायेणाऱ्यांसाठी खडकांत कोरला तो मुख्यतः जिझो, म्हणजे आपला क्षितिगर्भ बोधिसत्त्व, कारण नरकात पडलेल्यालाही हात देणारा तोच.