पानांचा अहवाल पावडरीला का चालत नाही

शेवगा, तुळस, पुदिना यांसारखी वाळलेली पाने निर्जंतुक करून दळून घेण्यासाठी आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक निर्यातीत नवखे नाहीत. परवाने, खरेदीदाराच्या अटी, जहाजाच्या तारखा हे सारे त्यांना ठाऊक असते. तरीही दर हंगामात एक प्रश्न हमखास येतो: ‘पानांचा प्रयोगशाळेचा अहवाल आमच्या हातात आहे, मग दळण झाल्यावर पुन्हा चाचणीसाठी माल का अडवून ठेवता?’ हे पत्रक त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

पाने कडकडीत वाळली म्हणजे जंतू मेले, या समजुतीपासून घोटाळ्याला सुरुवात होते. वाळवणीने जंतूंची वाढ थांबते, जलक्रियाशीलता (जंतूंना वापरता येईल अशा पाण्याचे ० ते १ मधील माप) ०.६ च्या खाली गेली की बुरशीसह कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. परंतु साल्मोनेला हा पोटाचा आजार करणारा जंतू कोरड्या पदार्थात महिनोन्महिने जिवंत राहतो आणि कोरडेपणात त्याची उष्णता सोसण्याची ताकद उलट वाढते. त्यामुळे खाण्यास तयार पावडरीत खरेदीदार ‘२५ ग्रॅममध्ये साल्मोनेला आढळू नये’ अशी अट घालतो, आणि ती अट मालातील ओलावा कमी आहे असे सांगून पुरी होत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत साल्मोनेलाच्या आजारपणाचा माग शेवग्याच्या पानांच्या पावडरीपर्यंत पोहोचला, तेव्हापासून तिकडचे खरेदीदार या बाबतीत अधिकच काटेकोर झाले आहेत.

आता दळणाकडे येऊ. जंतू मारणारी वाफ आम्ही पानांना देतो, पावडरीला नाही, कारण बारीक पावडरीवर वाफ सोडली की तिच्या गुठळ्या होतात आणि हिरवा रंग काळपट पडतो. म्हणजे निर्जंतुकीकरणानंतरही माल वाळवणी, दळण, चाळणी, लोखंडी कण काढणारा लोहचुंबक आणि पिशव्या भरणे एवढ्या टप्प्यांतून जातो. आम्ही हा भाग कच्च्या मालापासून वेगळा ठेवला आहे आणि तेथे पाण्याने धुण्याऐवजी कोरडी सफाई करतो. पण आमची सफाई चांगली आहे हे आम्हीच सांगून भागत नाही, ते शेवटच्या पिशवीतील नमुन्याने सिद्ध व्हावे लागते. शिवाय दहा पोत्यांतील एकाच पोत्यात दोष असला, तर पानांच्या नमुन्यात तो हुकू शकतो, आणि दळल्यावर तोच दोष साऱ्या लॉटभर, म्हणजे एका क्रमांकाखाली एकत्र दळलेल्या सगळ्या मालात, पसरतो. पानांचा अहवाल खोटा नसतो, तो फक्त वेगळ्या मालाचा असतो.

ज्या चुकीत सर्वांत जास्त दिवस वाया जातात ती येथेच आहे. ग्राहक वरच्या पोत्यातली हिरवीगार पाने निवडून ओंजळभर नमुना प्रयोगशाळेला देतात, अहवाल उत्तम येतो, त्याच्या भरवशावर जहाजात जागा घेतात आणि मग माल आमच्याकडे आणतात. माल नेल्यानंतरही चूक होते. एका निर्यातदाराचे ठरलेले वजन दोन पोत्यांनी कमी भरले, तेव्हा त्यांनी आमच्याकडून माल नेल्यावर मागच्या हंगामातली दोन पोती त्यात परस्पर मिसळली. परदेशातील तपासणीत साल्मोनेला निघाला. आमच्याकडे राखून ठेवलेला नमुना पुन्हा तपासला तेव्हा तो स्वच्छ होता, पण त्याचा त्यांना उपयोग झाला नाही, कारण सर्व पिशव्यांवर लॉट क्रमांक एकच होता आणि नाकारला गेला तो संपूर्ण लॉट. वजन कमी पडले तर कमी पाठवावे, किंवा उरलेल्या मालाला वेगळा क्रमांक देऊन त्याची वेगळी चाचणी करावी.

काही दोष मात्र कोणत्याही यंत्राने निघत नाहीत आणि त्यांच्यासाठी पानांची आधी केलेली चाचणी खरोखरच मोलाची आहे. ताज्या पानांत साधारण तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक पाणी असते, त्यामुळे वाळल्यावर कीटकनाशकाचा अंश किलोमागे चौपट किंवा जास्त होऊ शकतो. युरोपीय संघात ज्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. वाळवणीमुळे होणारी वाढ तेथील कायदा विचारात घेतो, पण ती किती पट झाली याचा आधार दाखवावा लागतो. धुरावर वाळवलेल्या पानांत बेन्झोपायरिनसारखी कर्करोगकारक संयुगे बसतात आणि ती वाफेने जात नाहीत. न धुतलेल्या पानांबरोबर माती येते, आणि मातीबरोबर शिसेही येऊ शकते.

माल कोणत्या देशात जाणार आहे, हे आम्ही पहिल्याच फोनवर विचारतो, त्यामागेही कारण आहे. इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक वायूची धुरी अमेरिकेत वाळलेल्या वनस्पती व मसाल्यांसाठी ठरावीक मर्यादेत चालते. युरोपात ती चालत नाही, आणि तेथे तिच्यापासून बनणारे २-क्लोरोइथेनॉलही मोजले जाते. सेंद्रिय म्हणून विकायच्या मालाला ही धुरीही चालत नाही आणि किरणांनी जंतू मारण्याची प्रक्रियाही चालत नाही. आम्ही फक्त वाफ वापरतो. ती महाग आणि संथ आहे हे खरे, पण खरेदीदार बदलला म्हणून माल पडून राहत नाही.

साल्मोनेलाची नेहमीची चाचणी जंतू वाढवून केली जाते आणि तिला तीन ते पाच दिवस लागतात. घाई केली म्हणून जंतू लवकर वाढत नाहीत. नमुना पोहोचवणे आणि अहवाल हाती येणे धरून दळणानंतर दहा दिवस मोकळे ठेवावेत आणि जहाजाची तारीख त्यापुढची घ्यावी. नमुना आमचे कर्मचारी निरनिराळ्या पिशव्यांतून काढतात, त्याचा एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला जातो, एक ग्राहकाला मिळतो आणि एक मालाची मुदत संपेपर्यंत आमच्याकडे मोहोरबंद राहतो. ज्यांना स्वतःच्या प्रयोगशाळेत चाचणी करायची असेल त्यांनी जरूर करावी. मात्र नमुना याच पद्धतीने निघालेला असावा आणि अहवालावर आमच्या पिशवीवरचाच लॉट क्रमांक असावा. माल आणण्यापूर्वी देश, खरेदीदाराची तपशीलपत्रिका (मालाबद्दलच्या त्याच्या लेखी अटी) आणि पानांचा कीटकनाशक अहवाल एवढ्या तीन गोष्टी पाठवल्या, तर माल यंत्रावर घेण्याची तारीख आम्ही त्याच दिवशी कळवतो.