अरन, स्केलिग, इनिशमरी: आयरिश बेटांवरचे दगड नेमके कुठल्या काळातले?

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांचे फोटो हल्ली सगळीकडे फिरतात, कड्यावरचा किल्ला, पडकी चर्च, गोल चक्रवाले क्रॉस, आणि खाली कॅप्शन ठरलेलं की आधी मूर्तिपूजकांचे किल्ले होते, मग संत आले, मग व्हायकिंग, म्हणजे स्कँडिनेव्हियाचे समुद्री लुटारू, आले आणि खेळ खल्लास. मला ही गोष्ट फारच गुळगुळीत वाटते, कारण तिथला एकेक तट बघायला गेलं तर त्यात तीन-चार काळ एकमेकांत घुसलेले आहेत.

इनिश मोरच घ्या. गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी तीन अरन बेटं आहेत, त्यातलं हे सगळ्यात मोठं, आणि त्यावर डून एंगस हा किल्ला, एकात एक अर्धगोल तट आणि मागच्या बाजूला तट नाहीच, थेट कडा, खाली जवळपास 300 फुटांवर अटलांटिक. चुना वगैरे काही नाही, नुसते चुनखडीचे दगड रचलेले, आपल्या कोकणात गडगा घालतात तीच पद्धत, फक्त माप अवाढव्य. 1990 च्या दशकात इथे रीतसर उत्खनन झालं तेव्हा कळलं की पहिला तट इ.स.पू. 1100 च्या आसपासचा, म्हणजे ब्राँझ युगातला. तलवारी आणि भाल्याची पाती ओतायचे मातीचे साचे सापडले, खाऊन टाकलेली मेंढरांची हाडं सापडली. इथपर्यंत कॅप्शनवाले बरोबर. पण हाच किल्ला पुन्हा इ.स. 700-800 च्या सुमाराला नव्याने बांधून काढलाय, आणि बाहेर जो टोकदार उभ्या दगडांचा पट्टा आहे, ज्यातून धावत जायला गेलात तर नडगी फुटायचीच, तो बहुधा याच वेळचा आहे.

आता गंमत अशी की त्या वेळी बेटावर ख्रिश्चन मठ चांगले रुळलेले होते. परंपरेप्रमाणे सेंट एंडा इ.स. 490 च्या आसपास किलेनीला आले, बेटाच्या पूर्वेकडच्या भागात, आणि त्यांच्याकडे शिकून गेलेल्या शिष्यांनी पुढे आयर्लंडभर मठ काढले असं सांगतात. म्हणजे किल्ल्याचे तट उभे राहत होते आणि पलीकडे प्रार्थनेची घंटा वाजत होती, एकाच काळात.

आता हे साधू बेटांवरच का गेले? आयर्लंड रोमन साम्राज्यात कधी नव्हतं, मोठी शहरं नव्हती, त्यामुळे तिथला ख्रिस्ती धर्म बिशपच्या शहरांपेक्षा मठांभोवती वाढला, आणि या लोकांचा आदर्श होता इजिप्तच्या वाळवंटात एकटे राहणारे साधू. इथे वाळवंट कुठून आणणार, मग समुद्र. सगळ्यात टोकाचं उदाहरण म्हणजे केरीच्या किनाऱ्यापासून 12 किमीवरचा स्केलिग मायकल, 218 मीटर उंच नुसता सुळका, त्यावर 600 च्या वर पायऱ्या चढून दगडी घुमटासारख्या खोल्या. 824 मध्ये व्हायकिंगांनी तिथल्या एटगल नावाच्या माणसाला पळवून नेलं आणि तो तहान-भुकेने मेला अशी नोंद इतिवृत्तांत आहे. पण त्यानंतरही मठ काही शतकं चाललाच, तेव्हा व्हायकिंग आले नि संपलं हे इथेही जुळत नाही.

परत इनिश मोर. पश्चिमेला 'सात चर्च' म्हणून जागा आहे, तिथे चर्च दोनच, बाकी राहायच्या इमारतींचे अवशेष. एका थडग्याच्या दगडावर 'सात रोमन' असं लॅटिनमध्ये कोरलंय. किलेनीच्या वरच्या टेकडीवर तेंपल वेनॉन म्हणून एवढंसं चर्च आहे, आतून साधारण 3 मीटर बाय 2 मीटर, आणि नेहमीसारखं पूर्व-पश्चिम न ठेवता उत्तर-दक्षिण बांधलेलं. खाली किलेनीत मात्र फारसं काही उरलेलं नाही, कारण 1650 च्या दशकात इंग्लंडच्या ऑलिव्हर क्रॉमवेलच्या सैनिकांनी मठाची चर्च पाडून ते दगड आर्किन किल्ल्याच्या कामाला वापरले. व्हायकिंगांना सगळे शिव्या घालतात, या लोकांचं नाव कोणी काढत नाही.

पुढे 1857 मध्ये डब्लिनहून विद्वानांची टोळी आली, पुढारी विल्यम वाइल्ड, म्हणजे लेखक ऑस्कर वाइल्डचे वडील, आणि त्यांनी चक्क डून एंगसच्या आत मेजवानी केली. तिथे वाइल्डसाहेबांनी बेटकरांना विनवलं की दगडांत लपलेल्या चार सशांसाठी तट उकरू नका. मग 1880 च्या दशकात सरकारी बांधकाम खात्याने पडलेले तट परत रचले, आधाराचे पुस्ते घातले, त्यामुळे आज फोटोत जो तट इतका ताठ दिसतो त्यातला बराच भाग व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या गवंड्यांचा आहे.

स्लायगोजवळच्या इनिशमरीत हेच सगळं छोट्या जागेत दिसतं. जाडजूड दगडी तटाच्या आत सेंट मोलाशचा मठ आहे, आणि हा तट मठाच्याही आधीचा असावा असं बऱ्याच जणांचं मत. 807 मध्ये व्हायकिंगांनी मठ जाळला, 1880 च्या सुमाराला त्याच खात्याने डागडुजी केली आणि तेव्हाच तिच्यावर टीका झाली. पण या सगळ्यात बेटावर वस्ती होतीच, पुरुषांची दफनभूमी वेगळी, बायकांची वेगळी, आणि एका वेदीवर गोल गोटे ठेवलेले, कुणाला शाप द्यायचा असेल तर ते उलटे फिरवायचे. शेवटची कुटुंबं 1948 मध्ये मुख्य भूमीवर राहायला गेली. त्यांच्या घरांच्या भिंती आता मठाशेजारीच पडक्या उभ्या आहेत, आणि जायचं असेल तर समुद्र शांत असेल त्याच दिवशी बोट लागते, कारण बेटाला धड धक्का नाही.