अपग्रेडला ‘हो’ म्हणजे सीट राखून ठेवणं नव्हे

वैद्यकीय-दंतवैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की फोंड्यापासून पेडण्यापर्यंत एकच मसलत सुरू होते. ‘बेळगावची बीडीएसची (दंतवैद्यक पदवीची) सीट घेऊन ठेवूया, अपग्रेडला हो म्हणूया, दुसऱ्या फेरीत काय मिळतं ते बघून ठरवूया.’ हे ‘बघून ठरवूया’ केंद्राच्या प्रवेश समितीच्या, म्हणजे एमसीसीच्या, नियमांत कुठेच बसत नाही. तरी शिकलेसवरलेले पालकसुद्धा दरवर्षी छातीठोकपणे तेच सांगत असतात.

फ्री एक्झिट सगळ्यांना कळतं, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. पहिल्या फेरीत नंबर लागला, कॉलेज पटलं नाही, प्रवेश घेतला नाही. डिपॉझिट शाबूत, दुसऱ्या फेरीत पुन्हा उभे. हातात मात्र काही नसतं.

अपग्रेड म्हणजे मिळालेली सीट घेऊन पुढच्या फेरीत आणखी चांगलीसाठी उभं राहणं. त्यात कॉलेजात जाऊन रीतसर प्रवेश घ्यावा लागतो आणि त्याच वेळी अपग्रेड हवं की नको ते सांगावं लागतं. दुसऱ्या फेरीसाठी पसंतीची यादी नव्याने भरायची, कारण पहिली यादी बाद झालेली असते. त्या यादीतलं काहीच मिळालं नाही, तर जुनी सीट तुमचीच राहते. इथवर सगळ्यांना पाठ असतं. घोळ पुढे होतो. यादीतलं कुठलंही कॉलेज मिळालं, की जुनी सीट त्याच क्षणी आपोआप रद्द होते आणि त्याच फेरीत दुसऱ्या कुणाला तरी जाते. दोन्ही सीटा समोर ठेवून निवडायची वेळ येतच नाही. निवड तुम्ही यादी भरतानाच करून टाकलेली असते.

समजा, डिचोलीच्या मुलीला पहिल्या फेरीत बेळगावचं केएलई डेंटल कॉलेज मिळालं. तिला खरं तर मणिपाल हवंय. दुसऱ्या फेरीत ती मणिपाल वर टाकते, आणि ‘असूदे सेफ्टीला’ म्हणून खाली पुण्याची, नवी मुंबईची चार अभिमत (डीम्ड विद्यापीठांची) कॉलेजं जोडते. मणिपाल हुकतं, नवी मुंबई मिळते. चोर्ल्याच्या घाटातून दर शनिवारी घरी येता येईल असं कॉलेज गेलं आणि जे मनापासून नकोच होतं ते गळ्यात पडलं. संगणकाचं काही चुकलं नाही. यादीतलं प्रत्येक नाव हातातल्या सीटपेक्षा चांगलं, असंच तो धरून चालतो. पहिल्या फेरीत लांबलचक यादी भरणं शहाणपणाचं असतं, तीच सवय इथे नडते. अपग्रेडच्या यादीत फक्त मणिपाल हवं होतं. एकच नाव चालतं. सेफ्टी म्हणजे हातातली सीट, तिच्या खालचं काहीही यादीत नको.

नवी सीट नाकारायची म्हटलं तर जुनी परत मिळत नाही आणि दुसऱ्या फेरीपासून डिपॉझिटही जातं. ऑल इंडिया कोट्यात (सरकारी कॉलेजांतल्या एमसीसीकडच्या जागांसाठी) ते खुल्या गटाला 10,000 रुपये असतं, अभिमत विद्यापीठांसाठी 2 लाख. एवढ्या पैशांत शिकायला काहीच मिळालं नाही, असं करून बसलेले लोक असतात.

बाकी फरक किरकोळ. अभिमतची बीडीएस पदवी ‘हलकी’ हे थोतांड आहे. चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप सगळीकडे सारखीच, आणि पुढे पदव्युत्तर एमडीएसची प्रवेश परीक्षाही सगळ्यांना एकच. बेळगावातलं मराठा मंडळाचं कॉलेज मात्र एमसीसीच्या यादीत शोधत बसू नका, ते कर्नाटक राज्याच्या प्रवेश प्राधिकरणातून, म्हणजे केईएतून भरतं.

आता बांबोळीचं सरकारी डेंटल कॉलेज. माझं मत विचाराल तर राज्य कोट्यातून गोवा डेंटल कॉलेज मिळण्याची खरी शक्यता असेल, तर अभिमतच्या अपग्रेडच्या वाटेला जाऊच नये. सरकारी फी, शेजारी गोवा मेडिकल कॉलेज, आणि रुग्ण आपणहून येतात. दात काढायला शिकायचं तर समोर दात दुखणारा माणूस लागतो, चकचकीत इमारत नव्हे. 15 टक्के जागा एमसीसीकडून आणि उरलेल्या पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडून भरतात. म्हणजे एकाच कॉलेजची दोन दारं, आणि दोघांच्या तारखा एकमेकींना विचारून ठरत नाहीत.

एमसीसीच्या पहिल्या फेरीतली सीट घेतली असेल आणि बांबोळीची आशा असेल, तर त्या सीटचा राजीनामा देण्याची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदतीत दिला तर डिपॉझिट जात नाही. मूळ कागदपत्रं प्रवेश घेतलेल्या कॉलेजात जमा असतात. पर्वरीला ती मागितली तर झेरॉक्स दाखवून भागत नाही, म्हणून परत आणायला एक दिवस धरूनच चला. राजीनामा कॉलेजने एमसीसीच्या पोर्टलवरूनच काढलेला हवा. ऑफिसात अर्ज देऊन, त्यावर शिक्का घेऊन समाधानाने घरी आलात, तरी एमसीसीच्या लेखी तुम्ही अजून बेळगावातच असता.