उशीखालचे पुस्तक

दोस्तोयेव्हस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’ ही कादंबरी मी विशीत वाचली तेव्हा कुऱ्हाड, खून आणि तपास अधिकाऱ्याशी चाललेली झुंज एवढेच मनात राहिले होते, आणि उपसंहार तर मी घाईघाईनेच उरकला होता. पन्नाशीनंतर ती पुन्हा हाती घेतली, तेव्हा नजर खिळली ती त्याच उपसंहारातल्या एका तपशिलावर : सैबेरियातल्या तुरुंगात खुनी नायक रास्कोल्निकोव याच्या उशीखाली बायबलमधल्या ‘नव्या करारा’ची एक प्रत आहे आणि ती त्याने अजून उघडलेलीही नाही.

ही उशी कल्पनेतून आलेली नाही. पेत्राशेव्हस्कीच्या, सरकारला धोकादायक वाटणाऱ्या चर्चामंडळात सहभागी असल्याबद्दल दोस्तोयेव्हस्कीला १८४९च्या एप्रिलमध्ये अटक झाली. डिसेंबरात त्याला सोबत्यांसह गोळ्या घालण्यासाठी चौकात उभे करण्यात आले आणि ऐन वेळी शिक्षा बदलल्याचे वाचून दाखवण्यात आले. ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षे सक्तमजुरी भोगण्यासाठी जाताना तोबोल्स्क येथे त्याला १८२५च्या झारविरोधी डिसेंबर उठावातील कैद्यांच्या पत्नी भेटल्या. हद्दपार नवऱ्यांमागे स्वखुशीने सैबेरियात आलेल्या या स्त्रियांनी त्याला ‘नवा करार’ दिला आणि त्याच्या बांधणीत दहा रूबलही लपवून ठेवले. तुरुंगात बाळगता येण्याजोगे तेवढेच पुस्तक होते; ते चार वर्षे त्याच्या उशीखाली राहिले आणि त्यावरूनच त्याने एका कैद्याला वाचायला शिकवले.

तरीही तुरुंगातून तो निःशंक श्रद्धा घेऊन बाहेर पडला, असे समजणे चूक ठरेल. त्या स्त्रियांपैकी नताल्या फोनव्हिझिना हिला १८५४ साली लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःला संशयाचे आणि अश्रद्धेचे अपत्य म्हटले आहे. पुढे १८६४ साली पत्नी आणि थोरला भाऊ मिखाईल हे दोघेही गेले, डोक्यावर कर्ज झाले, आणि १८६५ मध्ये वीसबाडेन येथे जुगारात सर्वस्व गमावून बसला असताना त्याने या कादंबरीचा आराखडा संपादक कात्कोव यांना कळवला. १८६६ साली ती त्यांच्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. सोन्या रास्कोल्निकोवला येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाझरच्या पुनरुत्थानाची कथा वाचून दाखवते त्या प्रकरणाला मात्र संपादकांनी हरकत घेतली आणि ते त्याला पुन्हा लिहावे लागले. मूळ पाठ आज उपलब्ध नाही, याची मला फार हळहळ वाटते.

जे छापले गेले, त्यात विझत आलेल्या मेणबत्तीच्या तुकड्याच्या उजेडात एक खुनी आणि देहविक्रय करणारी एक मुलगी ते जुने, चामड्याच्या बांधणीचे पुस्तक वाचत बसलेले दिसतात. हे कुठून आणलेस, असे तो विचारतो. लिझावेताने आणून दिले, असे सोन्या सांगते. सावकारीण म्हातारीचा खून करताना अचानक समोर आली म्हणून रास्कोल्निकोवने जिच्यावर कुऱ्हाड चालवली, तीच ही लिझावेता. आणि उपसंहारात त्याच्या उशीखाली असलेली प्रतही हीच आहे.