वाळवंटी शिखरारोहण (नैर्ऋत्य अमेरिका)

कॅलिफोर्निया, नेव्हाडा, अ‍ॅरिझोना आणि मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया या पट्ट्यातल्या कोरड्या डोंगररांगांवर, बहुतेक ठिकाणी मळलेली वाट नसताना, चालत आणि हातांचा आधार घेत केली जाणारी चढाई. मोहावी, सोनोरन आणि ग्रेट बेसिन ही तीन वाळवंटे तिचे मुख्य क्षेत्र. कमी उंचीच्या शिखरांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. इथली बहुतेक शिखरे प्रस्तरारोहण म्हणून अवघड नाहीत. बेत फसतो तो पाणी, वाट आणि पायथ्यापर्यंतचा रस्ता यांत.

या छंदाला संघटित रूप १९४१ मध्ये आले. चेस्टर व्हर्स्टीग यांच्या पुढाकाराने सिएरा क्लब या गिर्यारोहण आणि निसर्गरक्षण करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या लॉस एंजेलिस शाखेत ‘डेझर्ट पीक्स सेक्शन’ हा गट सुरू झाला. त्याने तयार केलेली सुमारे शंभर शिखरांची यादी आजही प्रमाण मानली जाते. चढाईची प्रतवारीही सिएरा क्लबनेच १९३७ मध्ये रूढ केलेली आहे: पहिला वर्ग म्हणजे पायवाट, दुसऱ्यात धोंड्यांवरून तोल सावरत चालणे, तिसऱ्यात हाताने पकडी घेत चढणे, चौथ्यात पडल्यास जिवावर बेतेल असा कडा, आणि पाचव्यात दोर व बिले (साथीदाराने दोर धरून चढणाऱ्याला सांभाळणे). या छंदातली बरीचशी चढाई दुसऱ्या-तिसऱ्या वर्गातली असते. बाबोकिवारी (२,३५७ मीटर) हा अ‍ॅरिझोनातला सुळका याला अपवाद आहे. त्याच्या सर्वांत सोप्या वाटेवरही दोर काढावा लागतो. त्यावरची पहिली नोंदलेली चढाई रॉबर्ट फोर्ब्स आणि हेसूस मोंतोया यांनी १८९८ मध्ये केली.

भूरचना

या प्रदेशात भूकवच पूर्व-पश्चिम ताणले गेले, काही ठोकळे उचलले गेले आणि मधले खचले. म्हणून रांगा बहुधा उत्तर-दक्षिण धावतात आणि दोन रांगांमध्ये सपाट खोरे असते. डेथ व्हॅलीत बॅडवॉटरचा तळ समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे, तर समोरच्या पॅनामिंट रांगेतले टेलिस्कोप शिखर ३,३६६ मीटरवर आहे. त्या शिखराला महॉगनी फ्लॅटपासून चांगली पायवाट आहे: जाऊन-येऊन सुमारे २२ किलोमीटर, चढ ९०० मीटरच्या आसपास. मात्र हिवाळ्यात तीच वाट बर्फाखाली जाते आणि आइस-अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी दाते) लागतात.

प्रत्येक घळीच्या तोंडाशी गाळाचा पंखा पसरलेला असतो. असे पंखे एकमेकांत मिसळून डोंगराच्या पायाशी गोट्यांचा लांबलचक उतार तयार होतो. त्याला स्थानिक लोक ‘बाहादा’ म्हणतात. नवख्याचा पहिला अंदाज इथेच चुकतो. हवा कोरडी आणि स्वच्छ, अंतर जोखायला झाड नाही. त्यामुळे डोंगर असतो त्याहून खूप जवळ भासतो. शिवाय बाहादावर उभे ओहळ कोरलेले असतात. ते आडवे कापत गेले तर दर पन्नास-शंभर पावलांवर दोन मीटर उतरा आणि दोन मीटर चढा असा खेळ सुरू होतो. थोडा वळसा पडला तरी चालेल, पण दोन ओहळांमधल्या उंचवट्यावरून सरळ वर जावे.

वाट शोधणे

ही या प्रकारातली खरी विद्या. सोंडा, म्हणजे माथ्यापासून खाली उतरणाऱ्या डोंगरधारा, वर जाताना एकमेकींना मिळत जातात आणि उतरताना फुटत जातात. कोरड्या ओढ्यांचे नेमके उलट: वर जाताना फाटे फुटतात, खाली येताना ते जुळतात. म्हणून सोंडेवरून चढणारा माथ्यावर बिनचूक पोचतो आणि परतताना चुकीच्या सोंडेवर उतरतो. ओढ्यातून चढणारा चढतानाच चुकतो. वाट चुकण्याच्या बहुतेक घटनांचे मूळ या एका गोष्टीत आहे. उपाय साधा आहे. सोंडेवरून चढताना, जिथे दुसरी सोंड येऊन मिळते तिथे थांबून, मागे वळून, उतरताना ती जागा कशी दिसेल ते पाहून घ्यावे आणि जीपीएसवर खूण टाकावी. ओढ्यातून चढताना हेच प्रत्येक फाट्याला करावे.

‘ओढा खाली नेतोच’ या भरवशावर अनोळखी ओढ्यात उतरणे मात्र धोक्याचे. पावसाळी पाण्याने झिजून गुळगुळीत झालेले कोरडे धबधबे वाटेत येतात. पहिला तीन मीटरचा टप्पा घसरत उतरता येतो, दुसरा दहा मीटरचा निघतो, आणि तोवर मागचा टप्पा परत चढता येत नाही. ज्या टप्प्यावरून परत चढण्याची खात्री नाही, तो दोराशिवाय उतरू नये. जुलै ते सप्टेंबर या मान्सूनच्या काळात दूरवर कोसळलेल्या सरीचे पाणी निरभ्र आकाशाखालीही अचानक येऊन थडकते, म्हणून ओढ्याच्या पात्रात तंबू लावू नये.

वेळेचा हिशेब असा धरतात: वाट नसलेल्या उतारावर ताशी दीड ते दोन किलोमीटर, किंवा उंचीत ताशी ३०० मीटर. उतरायला फारसा कमी वेळ लागत नाही, धोंड्यांवर कधी जास्तच लागतो. डिसेंबरात उजेड जेमतेम दहा तास असतो. त्यामुळे पहाटे अंधारात बाहादा पार करून फटफटताना चढणीला लागण्याची पद्धत आहे. दुपारी ठरलेल्या वेळी, शिखर कितीही जवळ दिसो, परत फिरावे.

खडक

अनेक रांगांतला ग्रॅनाइट वरून कुजून भुसभुशीत झालेला असतो आणि त्याचे खडे कातळावर गोट्यांसारखे पायाखालून निसटतात. ज्वालामुखीजन्य खडकात, म्हणजे अ‍ॅरिझोनातल्या कोफा किंवा कॅलिफोर्नियातल्या मोपा शिखरांवर, पकडी मोठ्या आणि भरपूर असतात, पण निखळून हातात येतात. नेव्हाडातला चुनखडक घट्ट असला तरी करवतीसारखा आहे; हातमोजे आणि बुटांचे तळ फाडतो. पकड आधी तळव्याने ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर सोडून द्यावी. भार नेहमी खाली दाबून टाकावा, बाहेर ओढू नये. नाळेतून, म्हणजे अरुंद उभ्या घळीतून, जाताना सगळ्यांनी एकमेकांना चिकटून चढावे, म्हणजे सुटलेल्या दगडाला वेग यायच्या आत तो अडवता येतो; नाहीतर एकेकाने आडोशापर्यंत जाऊन पुढच्याला हाक द्यावी. घसारा, म्हणजे सुट्या दगडांचा निसरडा उतार, उतरायला सोयीचा, चढायला जीवघेणा. म्हणून शक्यतो सोंडेने चढून घसाऱ्याने उतरावे, मात्र तो तळापर्यंत अखंड आहे हे खालून पाहून ठेवलेले असावे.

पाणी

सह्याद्रीत गडावर टाके सापडेल ही आशा असते. इथे ती धरू नये. नकाशातला झरा बहुधा आटलेला असतो. थंडीतही दिवसाच्या चढाईला माणशी ४ लिटर, ऊन असल्यास ६ लिटर पाणी घेतात. मुक्काम असल्यास ८ ते १०, म्हणजे पाठीवर तितकेच किलो वजन. परतीचे पाणी चढताना वाटेत ठेवून जातात. ते दगडांच्या सावलीत, टणक बाटलीत ठेवावे, कारण पातळ प्लास्टिक उंदीर कुरतडतात. ती जागाही जीपीएसवर नोंदवावी आणि ठरलेल्या वाटेनेच परतावे. ठेवलेल्या पाण्याला बगल देऊन ‘जवळची’ वाट धरणाऱ्यांची फार वाईट अवस्था होते. नुसते पाणीच ढोसत राहिल्याने रक्तातले सोडियम घटते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे उष्म्याच्या त्रासासारखीच भासतात. म्हणून खारे खाणे पाण्याबरोबर चालूच ठेवावे.

काटे

चोया या निवडुंगाची कांडी नुसत्या स्पर्शाने तुटून चिकटते आणि तिच्या काट्यांना सूक्ष्म उलटे दात असतात. ती दुसऱ्या हाताने काढायला गेले की दोन्ही हात अडकतात. रुंद दातांचा कंगवा कांडी आणि कातडी यांच्यामध्ये सरकवून झटक्यात बाहेरच्या बाजूला उडवावी, उरलेले काटे चिमट्याने किंवा पक्कडीने उपटावेत. कंगवा आणि चिमटा खिशात हवेत, पिशवीच्या तळाशी नव्हेत. आकडेबाज काट्यांच्या बाभळीत अडकल्यास एक पाऊल मागे यावे, पुढे रेटू नये. घायपाताची टोके पोटरीत खोल घुसतात, म्हणून गेटर्स (पोटरीवर बांधायची जाड आवरणे) आणि चामडी हातमोजे लागतात. कपारीत न बघता हात घालू नये. तिथे रॅटलस्नेक हा विषारी साप असू शकतो.

रस्ता आणि गाडी

पायथ्याला नेणारे कच्चे रस्ते जुन्या खाणींचे आहेत. उंच तळाची गाडी, पूर्ण आकाराचे दोन जादा टायर, हवा भरायचा कॉम्प्रेसर, फावडे आणि वेगळे २० लिटर पाणी ही किमान तयारी. मऊ वाळूत टायरची हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवतात; डांबरी रस्त्यावर परतताच पुन्हा भरतात. गाडी अडकली तर तिला सोडून चालत निघू नये. हवेतून शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी आधी दिसते. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून ४०६ मेगाहर्ट्झचे आपत्कालीन बीकन किंवा उपग्रह संदेशयंत्र नेतात, आणि परतीची वेळ घरी लिहून ठेवतात. खाणींच्या बोगद्यांत आणि विहिरींत शिरू नये.

परवानगी आणि शिस्त

बाबोकिवारी तोहोनो ओ’ओधाम या मूलनिवासी लोकांचे पवित्र स्थान आहे आणि पश्चिमेकडून जायला त्यांच्या स्वशासित ‘राष्ट्रा’ची परवानगी लागते. नेव्हाडातले स्पिरिट माउंटन युमन भाषिक जमातींना पूज्य आहे. त्याचा परिसर २०२३ पासून राष्ट्रीय स्मारक आहे. कोफा अभयारण्यात दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला दारूगोळा अजून सापडतो. धातूची अनोळखी वस्तू उचलू नये. पाणवठ्यालगत मुक्काम टाकू नये, कारण माणूस असेपर्यंत रानमेंढ्या पाण्यावर येत नाहीत.

माथ्यावरच्या दगडांच्या राशीत डब्यात नोंदवही असते. तीत नाव, तारीख, वेळ आणि उतरायची वाट लिहावी. कोणी बेपत्ता झाल्यास शोधपथकाला त्या नोंदीवरून शोधाचा निम्मा डोंगर वगळता येतो. डबा झाकण घट्ट लावून, तोंड खाली करून, मूळ जागी दगडांखाली ठेवावा.